हळदीला अमेरिकेचं कुलूप

आमच्या आडत दुकानातली लोखंडी तिजोरी आजोबांनी निजामाच्या राज्यात हैदराबादेहून आणवली. तिची किल्ली बालाजीच्या फोटोमागच्या खिळ्याला असते. वसमतच्या मोंढ्यात ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही तो एकतर परगावचा, नाहीतर कालपरवा जन्मलेला. दादा गावाला गेले की शेजारचे आडते येतात, किल्ली काढतात, सुटे पैसे घेतात, चिठ्ठी ठेवतात आणि जाताना फोटोला नमस्कारही करतात. तिजोरीतला रुपया कधी इकडचा तिकडे झालेला नाही.

कॉम्प्युटरचं तसं नसतं, हे आम्हाला भाच्याकडून कळलं.

भाचा हैदराबादेत एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. 2023 च्या उन्हाळ्यात तो आंबे खायला आला तेव्हा हळदीची आवक जोरात होती आणि आमचा कॉम्प्युटर आडवा झाला होता. मुनीमजींनी त्याला हरिपाठाचा पेनड्राइव्ह लावला होता. त्यातून असा काही व्हायरस शिरला की शेतकऱ्यांच्या सगळ्या हिशोबपट्ट्यांचे शॉर्टकट झाले. शॉर्टकटवर क्लिक केलं की आत आणखी एक शॉर्टकट. यात हरिपाठाचा काही दोष नाही, हे मुनीमजी येईल त्याला सांगत होते.

"मामा, हे विंडोज काढूनच टाकू," भाचा म्हणाला. "लिनक्स टाकतो. प्रत्येकाचं खातं वेगळं, प्रत्येकाला लागेल तेवढीच परवानगी."

आपल्याकडे एक भाचा जेवू घातला तर शंभर ब्राह्मण जेवल्याचं पुण्य. अशा माणसाला नाही कोण म्हणणार? शिवाय दुकानात कॉम्प्युटरचा जाणकार म्हणून माझीच गणना होते. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, पडद्यावर इंग्रजीत काही आलं की ते मोठ्यानं वाचून दाखवणं हे माझं काम. अर्थ सांगायची जबाबदारी अजून कुणी माझ्यावर टाकलेली नाही. तर मी म्हणालो, "उत्तम!"

भाच्यानं रात्रभर बसून सगळं बसवलं आणि सकाळी दादांना समजावून सांगायला घेतलं. "आणि मोठे मामा, एसई-लिनक्स एन्फोर्सिंगवर ठेवलंय. म्हणजे एकदम कडक. पासवर्ड बरोबर असला तरी नियमात नसलेलं काही करू देणार नाही."

"कुणी काढलं हे?"

"अमेरिकेच्या एनएसएनं. डिसेंबर 2000 मध्ये सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं."

"एनएसए म्हणजे?"

"त्यांचं हेरखातं."

दादांनी चहाची बशी खाली ठेवली. हळदीच्या बाबतीत अमेरिका म्हटलं की दादांना 1995 आठवतं. हळदीनं जखम भरते याचं पेटंट त्या वर्षी तिकडच्या मिसिसिपी विद्यापीठाच्या नावावर झालं होतं. मग माशेलकरांच्या सीएसआयआरनं जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढं ठेवून 1997 मध्ये ते रद्द करवलं. "माशेलकर साहेबांनी एवढं भांडून हळद सोडवून आणली," दादा म्हणाले, "आणि तू त्यांच्याच हेरखात्याचं कुलूप माझ्या हळदीला लावतोस?"

कुलूप लागलं होतंच. पासवर्ड किमान चौदा अक्षरांचा. त्यात मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि एक चिन्ह. दर तीस दिवसांनी नवा. जुना परत चालणार नाही. तीनदा चुकला की पंधरा मिनिटं खातं बंद. आणि दोन मिनिटं हात लावला नाही की पडद्याला आपोआप कुलूप. ही शेवटची अट हैदराबादेत ठीक असेल. आमच्या मोंढ्यात दोन मिनिटांत काहीच होत नाही. शेतकऱ्याला 'बसा' म्हणून, पाणी देऊन, गावाकडं पाऊस कसा आहे एवढं विचारेपर्यंत पडदा काळा. मग मुनीमजी पासवर्ड टाकणार, तोवर शेतकरी दुसऱ्या लेकीच्या सोयरिकीवर येणार, की पुन्हा काळा.

मुनीमजी हार मानणारे नव्हेत. त्यांनी पासवर्डासाठी मराठी महिने धरले. महिन्याचं नाव, मध्ये चिन्ह, पुढं शके 1945. ज्येष्ठ संपला, आषाढ लागला. पासवर्ड कुठं लिहून ठेवायची गरजच नव्हती. भिंतीवर कालनिर्णय होतं. दुकानात येणारा कुणीही भिंतीकडं बघून कॉम्प्युटर उघडू शकत होता, पण व्यवस्था नियमात शंभर टक्के बसत होती. भाच्यानं फोनवर विचारलं, "पासवर्ड बदलता ना वेळेवर?" मुनीमजी म्हणाले, "तिथी चुकत नाही आपली."

आणि श्रावण आला. त्या वर्षी श्रावण अधिक होता. 18 जुलैपासून अधिक श्रावण, 17 ऑगस्टपासून निज श्रावण. अधिकात मुनीमजींनी श्रावण टाकला, मशीननं घेतला. निजात पुन्हा श्रावण टाकला, तर मशीन म्हणे, हा वापरून झालाय. मुनीमजींना वाटलं आपलं बोट चुकलं. पुन्हा टाकला. पुन्हा नाही. बाहेर दोन ट्रॅक्टर उभे, आत मुनीमजी लालबुंद.

"ह्याला पंचांगच ठाऊक नाही!" ते ओरडले. "एका वर्षात दोन श्रावण असत्यात, हे ज्याला कळत नाही ते काय हिशोब ठेवनार?"

मी त्यांना धीर दिला. चिन्हं घाला, मोठी-लहान अक्षरं घाला, मुदतीनं बदलत राहा, हे उपदेश अमेरिकेतल्या बिल बर नावाच्या सरकारी अधिकाऱ्यानं 2003 साली लिहिलेल्या सूचनांतून जगभर पसरले. 2017 मध्ये, निवृत्तीनंतर, त्याच बरांनी सांगितलं की त्यातल्या बहुतेक गोष्टींचा आता पस्तावा होतो. मुनीमजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्यांना पस्तावा झाला," ते म्हणाले, "मग त्यांनी वसमतला एक कार्ड नाही का टाकायचं?"

खरा प्रसंग मात्र मुख्य पासवर्डाचा. लिनक्समध्ये रूट नावाचं एक खातं असतं. बाकी सगळी प्रजा, रूट हा राजा. त्याचा पासवर्ड फक्त भाच्याकडं. एके दिवशी ऐन बिटाच्या वेळी लाइट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि मशीन सुरू होताना काहीतरी अडलं. मी इंग्रजी मोठ्यानं वाचलं. रूटचा पासवर्ड हवा होता. भाच्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये, कुजबुजत म्हणाला, "सांगतो. पण फक्त तुम्हालाच. आणि स्पीकर बंद करा."

स्पीकर बंद करून मुनीमजींना ऐकू येत नाही.

"पहिलं अक्षर व्ही. मोठा."

"कुठला व्ही?"

"वसमतचा व्ही!"

मुनीमजींनी बी दाबला. त्यांचीही चूक म्हणता येणार नाही. रेल्वेच्या पाटीवर बसमत, साखर कारखान्याच्या पत्त्यावर बसमतनगर; गाव बोलायला व-चं आणि लिहायला ब-चं असेल तर माणसानं भर बिटात कुठलं बटन दाबायचं? पासवर्ड चुकला. दुसऱ्या वेळी व्ही नीट लागला, पण पुढं भाचा 'ॲट' म्हणाला आणि मुनीमजींनी आठ दाबला. आता एकच संधी उरली. तोवर दुकानाच्या पायरीवर गर्दी जमली होती. कुरुंद्याचा एक शेतकरी म्हणाला, "विहिरीचा व्ही म्हना, म्हंजी घोळ होनार नाही." हमालांच्या मुकादमानं बाकीच्यांना गप्प केलं. भाचा एकेक अक्षर ओरडून सांगत होता (मीटिंगमधल्या लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे), मुकादम ते मोठ्यानं पुन्हा म्हणत होता, मुनीमजी दाबत होते. नांदेडचा एन. परभणीचा पी, बारका. औंढ्याचा ए. मशीन उघडलं तेव्हा पायरीवरून टाळ्या पडल्या. संध्याकाळी चहाच्या गाड्यावरच्या पोरानं मला विचारलं, "मालक, तुमचं तिसरं अक्षर मोठं का बारकं? आमच्यात पैज लागलीय."

भाच्यानं कपाळावर हात मारला. पण अशी अब्रू मोठमोठ्यांची गेलेली आहे. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायचं म्हणून पासवर्डाची सोय ज्या पहिल्या काही जागी झाली त्यांत अमेरिकेतली एमआयटी होती. फर्नांडो कॉर्बाटो यांची सीटीएसएस ही प्रणाली, 1961 ची. पुढं काही वर्षांनी तिथं दोन देखरेखवाले एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करायला बसले आणि त्यांची अदलाबदल झाली. जो यंत्रावर येईल त्याला स्वागताच्या मजकुराऐवजी सगळ्यांचे सगळे पासवर्ड छापून मिळू लागले. आणि त्याच एमआयटीतल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या गृहस्थांना पासवर्ड ही कल्पनाच इतकी नापसंत होती की ते लोकांचे पासवर्ड शोधून त्यांना कळवायचे: तुमचा मला कळलाच आहे, तर त्यापेक्षा नुसतं एंटर दाबा, सोपं पडतं. मुनीमजींना हे गृहस्थ फार आवडले. "कुठले म्हणायचे हे? आपल्याकडंचेच वाटायलेत."

(2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मोंढ्यातल्या बहुतेक वायफायांचे पासवर्ड अभिमानानं एकाच आठवड्यात बदलले. सगळ्यांचा एकच झाला.)

रूटचा पासवर्ड गावाचा झाल्यावर जाणकारही गावभर निघाले. यंत्राला ताप आला की वसमतमध्ये वैद्यांची वाण नसते. त्यांतला आघाडीचा म्हणजे कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा. मुनीमजींची पट्टी दादांना दिसत नाही आणि दादांची मुनीमजींना, हे ऐकल्यावर तो हसला. "सेव्हन सेव्हन सेव्हन मारतो, काका. विषयच संपला."

याचं गणित त्यानं समजावलं. वाचायची परवानगी म्हणजे चार, लिहायची दोन, चालवायची एक, बेरीज सात. पहिला सात मालकाला, दुसरा त्याच्या गटाला, तिसरा उरलेल्या सगळ्या जगाला. दादांना हा हिशोब पटला. त्यात कुणाला तूट नव्हती. पोरानं रूट होऊन हा आकडा पट्ट्यांच्या फोल्डरवर मारायचा तो पार मुळापासून, सबंध यंत्रावर मारला. त्याबरोबर यंत्रातला सुडो नावाचा प्रोग्राम, ज्याचं कामच मुळी थोडा वेळ मोठे अधिकार मिळवून द्यायचं, तो काम करीना. त्याच्या अंगावर एक खास खूण असते, ती या सातांच्या पावसात पुसली गेली होती. सगळी दारं सताड उघडली आणि एकट्या पहारेकऱ्यानं राजीनामा दिला. भाचा शनिवार-रविवार धरून रेल्वेनं आला, न बोलता सगळं नव्यानं बसवलं, न बोलता जेवला आणि गेला. भाचा न बोलता जेवणं हे मामाच्या घरी फार वाईट.

तो गेला आणि पट्ट्या पुन्हा दिसेनात. हिशोबाचा प्रोग्राम आमच्याच मशीनवरून ब्राउझरमध्ये उघडतो. मुनीमजींनी पट्ट्या त्यांच्या स्वतःच्या खात्यात नेऊन ठेवल्या होत्या, आणि त्या प्रोग्रामला तिथं हात घालायला बंदी. पोरानं या वेळी बेतानं, फक्त त्या एका फोल्डरला, तीन सात दिले. तरी 'परमिशन डिनाइड'. मी पुन्हा मोठ्यानं वाचलं.

"परवानगी कुणाची घ्यायची आता?" दादा म्हणाले. "तहसीलदाराची का?"

पोरगा पहिल्यांदा घाबरलेला दिसला. तीन सात दिल्यावरही न उघडणारी फाईल त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. मोबाइलवर शोधाशोध करून त्याला मंत्र सापडला: सेटएन्फोर्स शून्य. अमेरिकेचं कुलूप काढून ठेवायची आज्ञा. जगात ज्याचं ज्याचं काही अडतं तो पहिल्यांदा हीच आज्ञा देतो म्हणे. इतकी की रेड हॅट कंपनीत एसई-लिनक्सवर वर्षानुवर्षं राबलेल्या डॅन वॉल्श यांच्या डोळ्यांत दर वेळी पाणी येतं, अशी त्या लोकांत जुनी थट्टा आहे. दादांनी क्षणभर विचार केला. "त्यांना माझा नमस्कार सांगा," म्हणाले, "आणि मारा शून्य."

पट्टी छापून आली. त्या दिवशी दुकानात सगळ्यांना पेढे मिळाले. संध्याकाळी भाच्याला अपराध्यासारखं कळवलं, तर तो रागावला नाही. उलट म्हणाला, "ठीक आहे मामा, तूर्त राहू द्या. ते पूर्ण बंद नाही झालेलं. परमिसिव्ह झालंय. म्हणजे ते आता कुणाला अडवणार नाही. जे एरवी अडवलं असतं, ते फक्त लिहून ठेवेल."

दुकान एकदम गप्प झालं.

"काय काय लिहून ठेवतं?" दादांनी विचारलं.

"कुठल्या प्रोग्रामनं, कुठल्या फाईलला, किती वाजता हात लावला. सगळं."

"आणि ते कोण वाचतं?"

"कुणीही. रूट असला की झालं."

रूट सबंध मोंढा होता. दादांनी फोन ठेवला आणि मुनीमजींकडं पाहिलं. मुनीमजींनी बालाजीकडं पाहिलं. आमच्या धंद्यात दोन नंबरचं काही नसतं, हे मी शपथेवर सांगतो. पण तरी कच्ची वही नावाची एक गोष्ट असते, आणि तिचं लग्न पक्क्या वहीशी लागेपर्यंत ती कुणी बघू नये असा रिवाज आहे. "मुनीमजी," दादा हळूच म्हणाले, "त्याला म्हणावं अडव. पाहिजे तेवढं अडव. पण लिहू नको."

यानंतर माझ्याकडं एकेक जण एकटा येऊ लागला. जाणकार ना मी! मुनीमजी म्हणाले, कडकपणा चांगलाच आहे, फक्त माझं तेवढं सैल करायला सांगा. मालकाला सगळंच दिसायची काय गरज? दादा म्हणाले, मुनीमजींचं कडक राहू द्या, माझं मोकळं. पुतण्याला त्याच्या खात्यातला वेळेचा निर्बंध नको होता, धाकटीच्या खात्यातला हवा होता. वहिनी स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाल्या, "माझं खातं नको मला. ह्यांच्या खात्यात बघता यीन का, ते इचारा." आमच्याकडं चौघा जणांत सुरक्षिततेबद्दल पूर्ण एकमत होतं. प्रत्येकाला ती उरलेल्या तिघांसाठी हवी होती.

मी तेवढा निरिच्छ. माझ्या खात्यात माझ्या अप्रकाशित कविता आहेत. त्या फोल्डरला मी पोराकडून आपणहून तीन सात मारून घेतले. वाचायची परवानगी सगळ्या जगाला. नोंदवही तपासून पाहिली. कुणीही, कधीही, हात लावलेला नाही.

दिवाळीत भाचा आला तेव्हा तो मुनीमजींच्या शेजारी बसला आणि पहिल्यांदाच, रागवायच्या ऐवजी, सांगू लागला. एसई-लिनक्स माणसाचं नाव बघत नाही. प्रत्येक फाईलवर एक लेबल असतं आणि कुठल्या प्रोग्रामनं कुठल्या लेबलाला हात लावायचा ते ठरलेलं असतं. पट्ट्या मुनीमजींच्या घरगुती फायलींत ठेवलेल्या, म्हणून त्यांच्यावर घरगुती लेबल. हिशोबाचा प्रोग्राम घरगुती वस्तूला हात लावत नाही. तीन सात द्या नाहीतर तीनशे.

मुनीमजी ताठ बसले. "म्हंजी चिठ्ठी चुकलीय म्हना की! आता हे बगा, कुरुंद्याच्या पोत्यावर हट्ट्याची चिठ्ठी लागली, तर आपला मुकादम ते पोतं काट्यावर घेतो का? मालक उभा राहिला तरी घेत नाही. बरोबर करायलंय की मग ते मशीन! एवढे दिवस कामून बोलला नाहीस?"

भाच्याकडं याचं उत्तर नव्हतं. पट्ट्या योग्य फोल्डरात गेल्या, चिठ्ठ्या बदलायला दोन ओळींची आज्ञा पुरली; दुसरी ओळ मुनीमजींनी स्वतः टाकली. अमेरिकेचं कुलूप पुन्हा पूर्ण कडक लागलं आणि पट्ट्या धडाधड छापल्या जाऊ लागल्या. महिन्याच्या महिन्याला पासवर्ड बदलणं बंद झालं; एकच लांब वाक्य, मनाशी ठेवायचं. पडद्याची मुदत मोंढ्याच्या वेळेला जुळवली. आता ज्याला जे दिसायला हवं ते दिसत होतं, नको ते दिसत नव्हतं, आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

आठवडाभरात दादा अस्वस्थ झाले. 

"मुनीमजींना अडतं का कुठं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"पोरांना?"

"नाही."

"मलाही नाही. अरे, कुणालाच अडत नाही म्हणजे कुलूप आहे का नाही तिथं? त्याला सांग, थोडं अडू दे. एवढं नको. जरासं."

भाच्यानं फोनवर बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, 2007 मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टात अशी सोय होती. जरा काही करायला गेलं की पडदा अंधारायचा आणि यंत्र विचारायचं, चालेल ना? लोक इतके वैतागले की 2009 च्या विंडोज 7 मध्ये ते कमी-जास्त करायला चार पायऱ्यांचा दांडा द्यावा लागला.

"तसंच," दादा म्हणाले. "व्हिस्टासारखं."

आता आमच्याकडं पट्टी छापायच्या आधी एक चौकट येते. तिचा सुरक्षिततेशी काडीचा संबंध नाही. भाच्यानं दहा मिनिटांत लिहून पाठवली. त्यात मराठीत विचारलेलं असतं, 'आपणास नक्की खात्री आहे का?' आणि खाली दोन बटनं, हो आणि नाही. पहिल्या दिवशी दादांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, गल्ल्यावर रेलले आणि समाधानानं म्हणाले, "हां. आता कसं."

परवा गिरगावचा एक शेतकरी पट्टीसाठी खुर्चीवर वाट बघत होता. चौकट आली. त्यानं मान लांब करून पडद्याकडं पाहिलं.

"काय इचारायलंय ते, मुनीमजी?"

"कुनाला ठाऊक," मुनीमजी हो दाबत म्हणाले. "रोजच इचारतं."